चूक एकाची, नाव दुसऱ्याचे: गेबच्या टेस्टमधले डेलिगेशन कसे तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रूव्ही भाषेत गेब (ब्राउझर चालवणारी लायब्ररी) आणि स्पॉक (टेस्ट फ्रेमवर्क) वापरून लिहिलेल्या टेस्टमध्ये ‘लॉगिनबटन’ हे कंटेंट (म्हणजे पानावरच्या घटकाला दिलेले नाव) लॉगिनपेज या क्लासमध्ये व्यवस्थित लिहिलेले आहे. तरी एका टेस्टमध्ये ते ‘गेब.पेज’वर सापडत नाही अशी एरर येते, ड्राइव्ह ब्लॉकवाल्या (टेस्ट क्लासशिवाय ब्राउझर चालवणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये एरर थेट स्क्रिप्टच्या क्लासचे नाव घेते, वेटफॉरमध्ये (अट पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या ब्लॉकमध्ये) घातले की टाइमआउट होतो, आणि एका ठिकाणी तर एरर मुळीच येत नाही, पण फील्ड रिकामेच राहते. ही चार दुखणी आहेत की एकच, आणि शोध कुठून सुरू करायचा?

मूळ एकच आहे: नाव एका ऑब्जेक्टकडून दुसऱ्याकडे टोलवले जाते (यालाच डेलिगेशन म्हणतात), आणि वाटेत कुठेतरी चुकीच्या कडीने उत्तर दिलेले असते किंवा योग्य कडीपर्यंत प्रश्न पोचलेलाच नसतो. डेलिगेशन ‘तुटलेले’ असणे फार दुर्मीळ. म्हणून फ्रेमवर्कच्या आवृत्त्या वरखाली करण्याआधी ही साखळी कागदावर मांडा.

स्पेकमधल्या (स्पॉकच्या टेस्ट क्लासमधल्या) एखाद्या ओळीत तुम्ही नुसते ‘लॉगिनबटन’ लिहिता, तेव्हा ग्रूव्ही आधी त्या नावाचे लोकल व्हेरिएबल पाहते. नसेल तर स्पेकमधले फील्ड, गेटर किंवा मेथड. तेही नसेल तरच स्पेकवरचे मेथडमिसिंग किंवा प्रॉपर्टीमिसिंग (नाव न सापडल्यावर ग्रूव्ही बोलावते त्या मेथड) जागे होते आणि नाव ब्राउझर ऑब्जेक्टकडे सरकवते. ब्राउझरकडे ‘टू’, ‘अ‍ॅट’, ‘करंटयूआरएल’ अशी स्वतःची मालमत्ता आहे. मागितलेले नाव त्यात नसेल तर तोही मेथडमिसिंगमधूनच ते चालू पेजकडे पाठवतो. पेज आधी आपल्या खऱ्या मेथड पाहते, मग स्टॅटिक कंटेंट ब्लॉकमधली टेम्प्लेट, आणि अगदी शेवटी आपला नॅव्हिगेटर (पानावरचे एलिमेंट धरून ठेवणारा गेबचा ऑब्जेक्ट).

यातून दोन नियम निघतात. पहिला: खऱ्या सदस्याचा मान नेहमी पहिला. मेथडमिसिंग हा शेवटचा उपाय आहे. आधीच्या कोणत्याही कडीवर त्या नावाचे काहीही असेल तर पुढच्या कडीला प्रश्न कळतसुद्धा नाही. दुसरा: साखळी एकाच दिशेने वाहते. स्पेककडून पेजकडे नाव जाते, पेजकडून स्पेककडे जात नाही. म्हणून पेज किंवा मॉड्यूलच्या (पेजच्या पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्याच्या) मेथडमधून दुसऱ्या पेजवर जायचे असेल तर नुसते ‘अ‍ॅट’ न लिहिता ‘ब्राउझर.अ‍ॅट’ असे लिहावे. स्पेकमध्ये चालणारी ओळ जशीच्या तशी पेजमध्ये हलवली आणि मोडली, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

एरर वाचताना आधी दोन नावे पाहा

एररमध्ये दोन नावे असतात: न सापडलेल्या मेथडचे किंवा प्रॉपर्टीचे, आणि ज्या क्लासवर ते शोधले त्याचे. आधी पहिले नाव तुमच्या फसलेल्या ओळीतल्या नावाशी ताडून पाहा. ओळीत ‘लॉगिनकरा’ आहे आणि एरर ‘युजरनेमम’ सापडत नाही म्हणत असेल, तर डेलिगेशन उत्तम चालले आहे. प्रश्न पेजपर्यंत पोचला, तिथली मेथड सुरू झाली आणि आतल्या टायपोवर आपटली. स्पेकमध्ये शोधत बसणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे.

नाव तेच असेल तर क्लास पाहा. ‘अमुक हे तमुक पेजचे कंटेंट म्हणून किंवा त्याच्या नॅव्हिगेटरवरची प्रॉपर्टी म्हणून सापडले नाही, हा क्लास इम्पोर्ट करायला विसरलात का?’ अशा अर्थाचा संदेश गेबचा स्वतःचा आहे. तो दिसला म्हणजे प्रश्न साखळीच्या शेवटापर्यंत गेला होता. त्यात तुमच्या अपेक्षेतल्या पेजचे नाव असेल तर कंटेंटच्या व्याख्येत शोधा. वेगळ्याच पेजचे असेल तर पेज बदलण्याच्या टप्प्यावर शोधा. शेवटचा इम्पोर्टचा प्रश्न लोक दुर्लक्षून पुढे जातात, पण तो गंभीरपणे घ्यावा. ‘टू डॅशबोर्डपेज’ लिहिले आणि डॅशबोर्डपेज इम्पोर्ट नसले, तर ग्रूव्ही ते क्लासचे नाव न मानता एक साधी प्रॉपर्टी मानते आणि ती कंटेंटमध्ये शोधायला पाठवते.

मेथडच्या एररमध्ये ‘डूकॉल’ हा शब्द आणि क्लासच्या नावात ‘क्लिनिट क्लोजर’ असे काही दिसले तर कंटेंट सापडलेले आहे, फक्त अर्ग्युमेंट जुळलेले नाहीत. उदाहरणार्थ, ‘ओळ’ हे कंटेंट एक क्रमांक घेते, ते ‘ओळ(०)’ असे बोलवायचे, आणि कोणीतरी स्ट्रिंग दिली किंवा दोन अर्ग्युमेंट दिली. ग्रूव्ही क्लोजरची (व्हेरिएबलसारख्या हाती देता येणाऱ्या कोडच्या तुकड्याची) खरी मेथड डूकॉल या नावाने बनवते, म्हणून ती समोर येते. घाबरण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट बाजूला काढून ठेवा. ‘रिकाम्या नॅव्हिगेटरवर ही क्रिया चालत नाही’ किंवा ‘किमान १ एलिमेंट अपेक्षित होते, ० मिळाले’ या अर्थाच्या एररचा डेलिगेशनशी काडीचा संबंध नाही. तिथे नाव सापडले. सिलेक्टरला पानावर काही सापडले नाही.

ब्राउझरला कोणते पेज वाटते आहे?

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, कारण डोळ्यांना दिसणारे पान आणि गेबच्या मनातले पेज या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राउझर ऑब्जेक्ट एका फील्डमध्ये चालू पेजचा ऑब्जेक्ट धरून असतो. क्लिकमुळे खिडकीत नवे पान उघडले तरी ते फील्ड आपोआप बदलत नाही. ‘टू’ ने बदलते (आणि अ‍ॅट तपासणी होते, म्हणजे खरेच त्या पेजवर आहोत का हे पाहिले जाते), ‘व्हाया’ ने बदलते (तपासणीशिवाय), ‘अ‍ॅट’ ने तपासणी करून बदलते, ‘पेज(…)’ ने काहीही न तपासता बदलते, आणि कंटेंटच्या व्याख्येत ‘टू’ हा पर्याय दिलेला असेल तर त्यावर क्लिक केल्यावर बदलते. यापैकी काहीच न झाल्यास पुढची सगळी नावे जुन्या पेजवर शोधली जातात.

जुन्या आणि नव्या पेजवर एकाच नावाचे कंटेंट असेल, जसे ‘सबमिट’ किंवा ‘शीर्षक’, तर प्रकरण आणखी वाईट होते. नाव सापडते, जुन्या पेजचा सिलेक्टर नव्या पानावर चालतो, आणि कधी कधी चुकून जुळतोसुद्धा. टेस्ट हिरवी होते आणि काहीच तपासलेले नसते. म्हणून पान बदलणाऱ्या प्रत्येक क्लिकनंतर ‘अ‍ॅट’ लिहिणे ही शिस्त मी सोडण्यासारखी मानत नाही, कितीही पुनरुक्ती वाटली तरी.

एररमध्ये नुसते ‘गेब.पेज’ हे मूळ क्लासचे नाव आले तर अर्थ स्पष्ट आहे: या ब्राउझर ऑब्जेक्टवर अजून एकदाही पेज ठरवलेले नाही. ‘पण समोर लॉगिनचे पान तर उघडे आहे!’ असे म्हणाल. कारण असे की गेबस्पेक प्रत्येक टेस्ट मेथडनंतर ब्राउझर ऑब्जेक्ट नव्याने घेते, मात्र ड्रायव्हर कॅशमध्ये असल्यामुळे खिडकी तीच राहते. पहिल्या टेस्टने उघडलेले पान दुसऱ्या टेस्टला दिसते, पण दुसऱ्या टेस्टचा ब्राउझर कोरा असतो. स्पेकवर स्टेपवाइज (टेस्ट लिहिलेल्या क्रमाने चालवण्याची खूण) असेल तर मधे ब्राउझर बदलला जात नाही. म्हणून स्टेपवाइज काढल्यावर, किंवा एकच टेस्ट सुटी चालवल्यावर, आधी ‘चालणारी’ ओळ मोडते. उपाय एकच: प्रत्येक टेस्टने आपले ‘टू’ स्वतः करावे.

विथविंडो, विथन्यूविंडो आणि विथफ्रेम यांच्या ब्लॉकमध्ये पेज बदलले तर ब्लॉक संपल्यावर आधीचे पेज परत ठेवले जाते. विथन्यूविंडो ती खिडकी बंदही करते. विथविंडो सांगितल्याशिवाय करत नाही. ब्लॉकमध्ये ‘अ‍ॅट’ करून त्या पेजचे कंटेंट ब्लॉकच्या बाहेर वापरणे हा म्हणूनच हमखास फसणारा प्रकार.

पेज नेमके कुठे बदलते हे पाहायला अंदाज नकोत. ब्राउझरवर पेजचेंजलिसनर नोंदवता येतो. त्याची एकच मेथड ‘पेजविलचेंज’ ब्राउझर, जुने पेज आणि नवे पेज अशी तीन अर्ग्युमेंट घेते. तिच्यात जुन्या-नव्या पेजच्या क्लासचे नाव आणि करंटयूआरएल छापा. सेटअपमध्ये दोन ओळी घालाव्या लागतात, आणि ‘क्लिक केल्यावर पेज बदलायला हवे होते, पण छापून काहीच आले नाही’ हे लगेच दिसते. या वर्गातल्या तक्रारी यावरच निकालात निघतात.

वाटेत कोणी उत्तर देऊन मोकळे झाले का?

आता ते मूक दुखणे: एरर नाही, पण फील्ड रिकामे. स्पॉकच्या व्हेअर ब्लॉकमध्ये (टेस्टला द्यायच्या किमतींच्या तक्त्यात) ‘युजरनेम’ आणि ‘पासवर्ड’ असे दोन स्तंभ आहेत, आणि पेजवरच्या कंटेंटची नावेही तीच आहेत. व्हेन ब्लॉकमध्ये ओळ आहे:

युजरनेम = युजरनेम

व्हेअरचे स्तंभ टेस्ट मेथडचे पॅरामीटर असतात, म्हणजे लोकल. दोन्ही बाजूंना तेच लोकल व्हेरिएबल आले. त्याची किंमत त्यालाच दिली. पेजला पत्ताच नाही. ‘पेज.युजरनेम = युजरनेम’ असे लिहिले की डावी बाजू लोकल राहत नाही आणि किंमत फॉर्ममध्ये जाते.

हाच प्रकार ड्राइव्ह ब्लॉक असलेल्या सुट्या ग्रूव्ही स्क्रिप्टमध्ये वेगळ्या वेषात येतो. ब्लॉकचे क्लोजर आधी ओनरला आणि मग डेलिगेटला (हे दोघे कोण ते पुढच्या भागात) विचारत असेल, तर ओनर म्हणजे स्क्रिप्ट. स्क्रिप्टला एखाद्या अज्ञात नावाला किंमत द्या म्हटले की ती कधीच नाही म्हणत नाही. बाइंडिंगमध्ये (स्क्रिप्टच्या व्हेरिएबलच्या साठ्यात) नवे व्हेरिएबल करून ठेवते. सेट करणे ‘यशस्वी’ झाले म्हणून डेलिगेटला, म्हणजे ब्राउझरला, विचारलेच जात नाही. पुढे तेच नाव वाचले तरी बाइंडिंगमधली किंमत परत मिळते, त्यामुळे पडताळणीही गंडते. तीच ओळ क्लासमध्ये हलवली की चालते, आणि माणूस चक्रावतो.

स्पेकच्या मूळ क्लासमधले फील्ड आणि हेल्पर मेथड हेही असेच वाटमारे. तीन पातळ्या वरच्या बेसस्पेकमध्ये ‘मेनू’ नावाचे गेटर कोणीतरी ठेवले की खालच्या सगळ्या स्पेकमध्ये पेजचे ‘मेनू’ झाकले जाते. मॉड्यूलमध्ये ‘टेक्स्ट’, ‘व्हॅल्यू’, ‘क्लिक’, ‘साइझ’ ही नावे कंटेंटला देऊ नयेत, कारण मॉड्यूल स्वतःच नॅव्हिगेटरसारखे वागते आणि ती नावे तिथे आधीपासून राहतात.

उलट दिशेने एक खास ग्रूव्ही सापळा आहे. बेसस्पेकमध्ये प्रायव्हेट मेथड आहे, तिला त्याच बेसस्पेकमधल्या क्लोजरमधून बोलावले आहे, आणि टेस्ट चालते ती उपक्लासच्या ऑब्जेक्टवर. ग्रूव्हीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अशा वेळी प्रायव्हेट मेथड दिसत नाही. मग नाव मेथडमिसिंगमध्ये जाते, तिथून ब्राउझर, तिथून पेज, आणि शेवटी पेज सांगते की अशी मेथड माझ्याकडे नाही. मेथड तुमची, तुमच्याच क्लासमधली, आणि एरर लॉगिनपेजच्या नावावर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. प्रायव्हेटचे प्रोटेक्टेड केले की मिटते.

आणि स्टॅटिक हेल्पर मेथड: तिला इन्स्टन्सच नाही, म्हणून ब्राउझरही नाही. तिथे ‘स्टॅटिक स्कोपमध्ये व्हेरिएबलसारखे काहीतरी सापडले’ अशी तक्रार कंपाइल होतानाच येते. ब्राउझर किंवा पेज पॅरामीटर म्हणून द्या.

क्लोजरचे ओनर आणि डेलिगेट

क्लोजरला तीन संदर्भ असतात. ‘धिस’ म्हणजे बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट, ओनर म्हणजे क्लोजर जिथे लिहिले ते (क्लास किंवा बाहेरचे क्लोजर), आणि डेलिगेट म्हणजे कोणीतरी नंतर नेमलेला. काहीच न नेमल्यास डेलिगेट म्हणजे ओनरच. कोणाला आधी विचारायचे हे रिझॉल्व्हस्ट्रॅटेजी ठरवते. ती छापली की आकडा दिसतो: ० म्हणजे आधी ओनर, १ म्हणजे आधी डेलिगेट, २ फक्त ओनर, ३ फक्त डेलिगेट, ४ फक्त क्लोजर स्वतः. न बदलल्यास ०.

आता एरर चुकीचे नाव का घेते ते पाहा. आधी ओनर या पद्धतीत प्रॉपर्टी ओनरकडे सापडली नाही, मग डेलिगेटकडेही सापडली नाही, तर क्लोजर कोणाची एरर वर पाठवते? पहिली, म्हणजे ओनरची. डेलिगेटची एरर, जिच्यात पेजचे खरे नाव आणि खरी अडचण असते, ती टाकून दिली जाते. ड्राइव्हच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्क्रिप्टच्या क्लासमध्ये अशी प्रॉपर्टी नाही’ असे दिसते ते यामुळेच. खरे कारण पाहायचे तर क्लोजरला मधून काढा: त्याच ओळीत ‘ब्राउझर.पेज.लॉगिनबटन’ असे पूर्ण लिहा. आता फक्त पेजलाच विचारले जाते आणि त्याची मूळ एरर समोर येते.

‘धिस.लॉगिनबटन’ लिहून ‘स्पष्ट’ केल्याचे समाधान मिळवू नका. धिस म्हणजे नंतर नेमलेला डेलिगेट नव्हे. त्याने तुम्ही डेलिगेट वगळता, इतकेच.

विथ वापरताना जास्त सावध राहा. ‘मॉड्यूल.विथ’ हे ग्रूव्हीचे, आधी डेलिगेट या पद्धतीचे. आत लिहिलेले ‘साइझ’ किंवा ‘टेक्स्ट’ तुमच्या स्पेकमधल्या मेथडकडे न जाता नॅव्हिगेटरकडे जाते. शिवाय स्पॉकमध्ये आणखी एक विथ आहे, ‘विथ(पेज)’ असा लिहायचा, आणि त्याच्या आतली प्रत्येक ओळ अट म्हणून तपासली जाते. ‘पेज.विथ’मध्ये तसे होत नाही. देन ब्लॉकमध्ये ठेवला तर फक्त शेवटच्या ओळीची किंमत तपासली जाते. आधीच्या चार तुलना खोट्या असल्या तरी टेस्ट हिरवी. दिसायला एका टिंबाचा फरक आहे.

ईच, कलेक्ट, फाइंड हे डेलिगेट बदलत नाहीत. त्यांच्या आतल्या क्लोजरचा ओनर बाहेरचे क्लोजर असते, म्हणून शोध त्याच्यामार्फत वर चढत जातो आणि बहुधा चालतो. एकात एक दोन विथ घातले की मात्र आतले नाव कोणी उचलले हे वाचून सांगणे कठीण होते. दोन पातळ्यांवर गेलात की व्हेरिएबलला नाव द्या आणि टिंब लावून लिहा.

वेटफॉर टायपो लपवतो

वेटफॉर आतल्या ब्लॉकमधून आलेली कोणतीही एक्सेप्शन ‘अट अजून पूर्ण झाली नाही’ अशीच धरतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. सेटिंग न बदलल्यास ५ सेकंद, दर ०.१ सेकंदाने. ‘लॉगिनबटण’ आणि ‘लॉगिनबटन’ असा एका अक्षराचा घोळ असला, तर न सापडलेल्या नावाची एरर ५ सेकंद पुन्हा पुन्हा गिळली जाते आणि शेवटी हाती येतो टाइमआउट. मग लोक ५ चे ३० करतात. टेस्ट तेवढीच लाल, फक्त सहापट हळू. टाइमआउटच्या संदेशात एक्सेप्शनचा उल्लेख असेल तर खाली ‘कॉज्ड बाय’ पर्यंत जा. तिथे मिसिंग प्रॉपर्टी किंवा मिसिंग मेथड दिसली तर पानाच्या वेगाशी तिचा संबंध नाही. शंका आली की तीच अट एकदा वेटफॉरच्या बाहेर, सरळ चालवून पाहा.

कंटेंटवर ‘वेट’ हा पर्याय लावलेला असला तरी आतल्या क्लोजरमधला टायपो असाच वाट पाहत बसतो, आणि तिथे तो शोधणे अवघड, कारण ओळीत वेटफॉर लिहिलेले दिसत नाही.

कंटेंट ब्लॉकमध्ये काय बिघडते

पेज बरोबर, नाव बरोबर, तरी सापडत नाही? मग व्याख्या पाहा. स्टॅटिक ‘कंटेंट’च्या जागी ‘कंटेंट्स’ लिहिले तर कोणीही तक्रार करत नाही. गेबच्या दृष्टीने तो एक अनोळखी स्टॅटिक फील्ड असतो आणि पेजवर एकही कंटेंट नसते. एका पेजवरचे एकही नाव सापडत नसेल तर पहिला संशय यावर घ्या.

कंटेंट ब्लॉक हा साधा कोड नाही. तिथे लिहिलेली प्रत्येक अनोळखी मेथड ‘हे नवे कंटेंट आहे’ अशीच वाचली जाते. म्हणून पेजची हेल्पर मेथड ब्लॉकमध्ये थेट बोलावू नका. कंटेंटच्या आतल्या क्लोजरमध्ये बोलवा, तिथे पेज उपलब्ध असते.

कंटेंटशी जुळणारे गेटर लिहिण्याची सवय असेल तर एक भोवरा माहीत हवा. पेजवर ‘गेटयुजर’ मेथड आहे आणि तिच्यात ‘युजर.टेक्स्ट()’ लिहिले आहे. आतले ‘युजर’ म्हणजे पुन्हा ‘गेटयुजर’, कारण खऱ्या गेटरचा मान पहिला. शेवट स्टॅक ओव्हरफ्लोमध्ये. गेटरचे नाव बदला. दुसरा मार्ग शोधू नका.

स्वतःचे डेलिगेशन लिहिले असेल तर

मोठ्या टेस्ट प्रकल्पांत गेबच्या वर आणखी एक थर असतो: ‘अ‍ॅप’, ‘फ्लो’ किंवा तत्सम क्लास, जो आपले मेथडमिसिंग लिहून नावे पेजकडे पाठवतो. निम्मे बग इथलेच.

मेथडमिसिंगला अर्ग्युमेंट ऑब्जेक्ट अ‍ॅरे म्हणून मिळतात. पुढे पाठवताना अ‍ॅरेवर तारका लावून तो पसरावा लागतो. तारका विसरली तर पुढच्या मेथडला तीन अर्ग्युमेंटऐवजी एक अ‍ॅरे मिळतो, आणि एररमध्ये अर्ग्युमेंटच्या प्रकारात ऑब्जेक्ट अ‍ॅरे दिसतो. हे लक्षण ओळखले की निदान अर्ध्या मिनिटाचे.

परतीची किंमतही जपा. ग्रूव्हीत शेवटच्या ओळीची किंमत परत जाते. डीबगसाठी पुढे पाठवणाऱ्या ओळीच्या खाली एक प्रिंटलाइन घातली की मेथडमिसिंग नल परत करू लागते आणि सगळ्या टेस्ट नलपॉइंटरने पडतात. बग शोधायला गेलात आणि नवा घालून आलात. छापायचे ते पाठवण्याच्या आधी छापा.

प्रॉपर्टीमिसिंगची दोन रूपे लागतात: वाचण्यासाठी एक अर्ग्युमेंटचे, लिहिण्यासाठी दोन अर्ग्युमेंटचे. पहिलेच लिहिले तर ‘युजरनेम’ वाचता येते, पण त्याला किंमत देता येत नाही.

मधल्या थरात मिसिंग मेथड एक्सेप्शन पकडून ‘मग दुसऱ्या ऑब्जेक्टला विचार’ असे लिहिले असेल, तर ते आतल्या टायपोची एक्सेप्शनही पकडते. पकडलेल्या एक्सेप्शनमधले मेथडचे नाव आणि प्रकार तुम्ही पाठवलेल्या नावाशी आणि ऑब्जेक्टशी जुळतो का हे तपासा. जुळत नसेल तर ती तशीच पुढे फेका. मेथडमिसिंगच्या आत फील्डचे नाव चुकले तर ते चुकलेले नाव पुन्हा प्रॉपर्टीमिसिंगमध्ये येते, आणि तिथेही चूक असेल तर स्टॅक ओव्हरफ्लो. ट्रेसमध्ये त्याच दोन-तीन ओळी शेकडो वेळा दिसल्या की इथे या.

पुढचा ऑब्जेक्ट कायम एकाच प्रकारचा असेल तर मेथडमिसिंगऐवजी ‘अ‍ॅट डेलिगेट’ अ‍ॅनोटेशन माझ्या मते सरस. ते कंपाइल होताना खऱ्या मेथड तयार करते, त्यामुळे आयडीईला दिसतात आणि टायपो लवकर पकडला जातो. मर्यादा दोन: दोन फील्डवर अ‍ॅनोटेशन असून दोघांतही तीच मेथड असेल तर आधी लिहिलेले फील्ड जिंकते, आणि गेबचे कंटेंट खरी मेथड नसल्यामुळे त्याच्यासाठी अशी खरी मेथड तयार होत नाही. त्याच कारणाने ‘रिस्पॉन्ड्सटू’ किंवा ‘हॅजप्रॉपर्टी’ विचारून कंटेंट आहे का हे तपासू नका. कंटेंट असले तरी उत्तर भरवशाचे नसेल.

तुमचा थर क्लोजर घेऊन त्याला डेलिगेट नेमत असेल तर आलेल्या क्लोजरवर थेट नेमू नका. ‘रीहायड्रेट’ डेलिगेट, ओनर आणि धिस घेऊन नवी प्रत देते; त्या प्रतीवर रिझॉल्व्हस्ट्रॅटेजी ठरवा आणि तीच चालवा. एकच क्लोजर समांतर धाग्यांत वापरले गेले तर थेट नेमलेला डेलिगेट मधेच बदलतो, आणि एका टेस्टच्या क्लिक दुसऱ्या टेस्टच्या ब्राउझरमध्ये पडतात.

शोधाचा क्रम

स्पॉकच्या कॉन्फिग फाइलमध्ये रनर ब्लॉकखाली फिल्टरस्टॅकट्रेस फॉल्स करा. नाहीतर मधल्या कड्यांच्या ओळी गाळल्या जातात आणि नेमकी साखळीच दिसत नाही. ग्रॅडल वापरत असाल तर टेस्ट लॉगिंगचा एक्सेप्शन फॉरमॅट ‘फुल’ ठेवा.

मग फसलेल्या ओळीच्या अगदी आधी ब्राउझर.पेजच्या क्लासचे नाव आणि ब्राउझर.करंटयूआरएल छापा. क्लास चुकीचा असेल तर पुढे जाऊ नका, पेज बदलण्याचा प्रश्न आहे. ‘ब्राउझर’ हेच नाव सापडत नसेल तर तुमचे स्पेक गेबस्पेकपासून निघालेले नसून साध्या स्पेसिफिकेशनपासून निघालेले आहे. क्लास बरोबर असेल तर नावाला टिंब लावून पाहा: ‘ब्राउझर.पेज.लॉगिनबटन’. यावर चालले, पण नुसत्या नावाने चालत नसेल, तर वाटेत कोणीतरी झाकते आहे: लोकल, व्हेअरचा स्तंभ, बेसस्पेकचे गेटर किंवा क्लोजरचा ओनर. क्लोजरमध्ये असाल तर तिथल्या तिथे ओनर आणि डेलिगेट यांचे क्लास आणि स्ट्रॅटेजीचा आकडा छापा. टिंब लावूनही चालत नसेल तर कंटेंटची व्याख्या सोडून थेट ‘ब्राउझर.पेज’वर डॉलर मेथडने तोच सिलेक्टर चालवा. आता एलिमेंट मिळाले तर दोष व्याख्येत. नाही मिळाले तर दोष सिलेक्टरमध्ये किंवा पानात आहे.

आयडीईमध्ये मिसिंग मेथड आणि मिसिंग प्रॉपर्टी या दोन एक्सेप्शनवर ब्रेकपॉइंट लावता येतो. मात्र ग्रूव्ही नेहमीच्या कामातही या एक्सेप्शन फेकते आणि आतच पकडते, त्यामुळे अट न लावल्यास दर दोन सेकंदांनी थांबाल. फसलेले नाव अटीत घाला.

हे वारंवार होत असेल तर लिहिण्याची पद्धत बदलणे स्वस्त पडते. ‘टू’ आणि ‘अ‍ॅट’ पेजचा ऑब्जेक्ट परत देतात. तो लॉगिनपेज प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये धरा आणि पुढे त्याच्यामार्फतच बोला. स्पेक आणि ब्राउझर या दोन कड्या मधून गळतात, झाकणे बंद होते, आयडीई सुचवू लागतो. पण त्यावर कंपाइलस्टॅटिक लावण्याचा मोह आवरा. कंटेंट खरा सदस्य नसल्यामुळे टाइप दिलेल्या व्हेरिएबलवरही स्टॅटिक कंपायलर ‘अशी प्रॉपर्टी नाही’ म्हणेल. स्टॅटिक हवेच असेल तर पेजवर खऱ्या मेथड लिहा, जशी ‘लॉगिनकरा(नाव, पासवर्ड)’. कंटेंट त्या मेथडच्या आतच वापरा, पेजचे क्लास डायनॅमिक ठेवा आणि फक्त त्या मेथड बोलावणारा कोड स्टॅटिक करा.